वजनकाटा दर तासाला अडकतो. मॉनिटरिंगच्या व्हीएमला नेमकं किती द्यायचं?

काटापावती (जळगाव)

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे. गोंधळ मी एकट्याने घातलाय आणि एका दमात नाही, हप्त्याहप्त्याने घातलाय, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये 'कॉम्प्युटरवाला' आहे. पगारपत्रकावर काहीतरी वेगळं लिहिलंय, पण शेठजींपासून हमालांपर्यंत सगळे हेच म्हणतात. जळगावला जिनिंग आणि सरकीची तेल मिल, धुळ्याजवळ दुसरं जिनिंग, शहाद्याला कापूस खरेदीचं केंद्र. तिन्हीकडचं मिळून २२ सर्व्हर (९ लोखंडी, १३ व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या व्हीएम), १४ स्विच, ६ यूपीएस आणि काट्यावरचे-गेटवरचे ११ पीसी. हे सगळं मी आणि एक शिकाऊ पोरगा बघतो.

मागच्या मे महिन्यात रविवारी सर्व्हर खोलीचा एसी बंद पडला. जळगावचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. सोमवारी सकाळी दार उघडलं तर भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. एक डिस्क गेलीच. शेठजी म्हणाले, आपल्याला आधी कळेल असं काहीतरी बसव. बाहेरच्या एका पार्टीकडून कोटेशन मागवलं. त्यात मॉनिटरिंगच्या व्हीएमचं माप होतं १६ कोअर आणि ३२ जीबी रॅम. भाव बघून शेठजींनी कागद परत दिला, पण माप माझ्या डोक्यात राहिलं. मी स्वतःच झॅबिक्स (सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि व्हीएमला तेवढंच दिलं. डिस्क दिली ५० जीबी, डेटाबेस मायएसक्यूएल.

जळगावला होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारं लोखंडी यंत्र, एकच, प्रॉक्समॉक्सवाला: ८ कोअर १६ थ्रेड, ६४ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्कची मिरर जोडी. त्यावरच काट्याची व्हीएम, टॅलीची व्हीएम आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग.

दसऱ्याला नारळ फोडून सुरू केलं. मिळतील ते टेम्प्लेट (काय काय मोजायचं याच्या तयार याद्या) लावले, सगळं दर मिनिटाला, हिस्टरी म्हणजे मोजलेले आकडे ठेवायचे ९० दिवस. झकास चाललं. सात आठवड्यांनी डिस्क तुडुंब भरून झॅबिक्स बसलं. मी डिस्क ८० जीबी केली, हिस्टरी ९० ची १४ दिवसांवर आणली आणि झोपलो.

तेव्हापासून दर तासाला काटा अडकतो. परवा रात्री साडेदहाला मी तिथेच उभा होतो. ट्रॅक्टर काट्यावर चढलेला, खिडकीत अमळनेरकडचे एक बाबा उपरण्यात हात गुंडाळून उभे, मागे गेटपर्यंत रांग. ऑपरेटरने वजन घेतलं, पावतीचं बटण दाबलं आणि प्रिंटर गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाबा म्हणाले, "काय भो, कापूस वाळून हलका व्हायची वाट पाहून राह्यले का?" अठराव्या मिनिटाला प्रिंटर कर्रर्र करून एकदम चार पावत्या ओकला, कारण ऑपरेटरने तोवर चारदा बटण दाबलं होतं.

आणि एवढं करून डिस्कवरची जागा काही कमी झाली नाही. १४ दिवस केले तरी डेटाबेस तेवढाच.

आता मी व्हीएमला ४८ जीबी द्यायच्या विचारात आहे. टॅलीची थोडी काढून घेईन. बरोबर आहे का? की आणखी कोअर देऊ?

शेवभाजी_तर्री_मारके (धुळे)

थांब भाऊ, टॅलीला हात लावू नको. मार्चमध्ये मुनीमजी तुलाच काट्यावर उभा करतील.

रॅम वाढवायच्या आधी चार आकडे दे. एक, झॅबिक्सच्या डॅशबोर्डवर 'सेकंदाला नवीन व्हॅल्यू' किती दाखवतंय. दोन, इनोडीबी बफर पूल किती ठेवलाय. तीन, काटा अडकतो तेव्हा व्हीएममध्ये टॉप ही कमांड लावून 'डब्ल्यूए' आणि 'एसटी' हे दोन आकडे. चार, झॅबिक्सच्या लॉगमध्ये हाउसकीपरची (जुन्या नोंदी खोडणाऱ्याची) ओळ.

बफर पूल म्हणजे काय असं विचारणार असशील तर उत्तर मला कळलंच. तुना डेटाबेस उपाशी शे.

काटापावती (जळगाव)

दादा, विचारणारच होतो. शोधून काढलं. आकडे हे घ्या:

सेकंदाला १०८ व्हॅल्यू. आयटम, म्हणजे मोजायच्या गोष्टी, साधारण ६,५००.
बफर पूल, म्हणजे डेटाबेसला वापरायला मिळणारी रॅम, १२८ एमबी. मी काही ठेवलेला नाही, आपोआप आलाय.
अडकतो तेव्हा मॉनिटरिंगच्या व्हीएममध्ये डब्ल्यूए ४० च्या वर, एसटी एक-दोन. काट्याच्या व्हीएममध्ये डब्ल्यूए ७० पर्यंत जातो आणि तिथे तर काही कामच नसतं!
लॉगमध्ये हाउसकीपरने साधारण १५ लाख नोंदी काढल्या, वेळ ११०० सेकंदांच्या वर. दर तासाला अशीच ओळ.

३२ जीबी दिलेत आणि डेटाबेस १२८ एमबीवर बसलाय हे वाचून मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन आलो.

तापीकाठ (भुसावळ)

काटापावती भाऊ, पाणी प्यायलात ते बरं केलंत. मी डेटाबेसचं काम करते, दिवसभर हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा काटा सीपीयूमुळे अडकत नाही. एसटी एक-दोन आहे, म्हणजे प्रोसेसरसाठी कोणी रांगेत उभं नाही. केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्स व्हीएम त्यावरच चालवतं) रिकामा बसलेला व्हीसीपीयू, म्हणजे व्हीएमला दिलेला कोअर, फारसं काही खात नाही, त्यामुळे १६ दिलेत ते अनाठायी असलं तरी गुन्हेगार ते नाहीत. डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. दोन साध्या फिरत्या डिस्क, त्यावर चारही व्हीएम, आणि त्यातली एक दर तासाला १५ लाख नोंदी खोडतेय. काट्याला एक पावती लिहायला डिस्कचं डोकं मोकळं मिळत नाही.

आता हे दर तासालाच का? हाउसकीपिंग फ्रिक्वेन्सी मुळात १ तास असते. आणि तुम्ही हिस्टरी एकदम कमी केलीत तर झॅबिक्स सगळं एका घासात खोडत नाही. एका फेरीत प्रत्येक आयटमची फ्रिक्वेन्सीच्या चौपट, म्हणजे ४ तासांचीच जुनी माहिती काढतं. ४ तास गुणिले ३,६०० सेकंद गुणिले १०८, झाले साडेपंधरा लाख. तुमच्या लॉगमधला आकडा हाच.

तुमच्याकडे ५० दिवस साठले होते, ठेवायचे १४. म्हणजे ३६ दिवस खोडायचे, तास झाले ८६४. दर तासाला ४ तास जातात आणि १ तास नवीन जुना होतो, निव्वळ ३. म्हणजे २८८ फेऱ्या, बारा दिवस. काही केलं नाहीत तर बारा दिवस तुमचा काटा दर तासाला असाच अडकणार आणि नंतर आपोआप बरा होणार. मग तुम्ही म्हणणार, ४८ जीबी दिल्याने बरा झाला.

जागा का सुटली नाही तेही सांगते. इनोडीबी नोंदी खोडल्यावर ती पानं पुन्हा वापरायला ठेवतं, फाइल मात्र आखडती घेत नाही. कणगीतलं धान्य संपलं म्हणून कणगी लहान होत नाही, तसंच. ऑप्टिमाइझ टेबल चालवलंत तर होईल, पण ते नवीन फाइल लिहून मग जुनी काढतं. तेवढी मोकळी जागा लागते आणि त्या डिस्कवर ते चालवायचं मनातही आणू नका.

आज रात्रीसाठी एवढंच करा: ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये हाउसकीपिंग उघडा आणि हिस्टरीवरची खूण काढा. काटा सुटेल.

आणि एक विचारायचं राहिलं. होस्टवर एलव्हीएस ही कमांड मारून थिन पूलचा (सगळ्या व्हीएमच्या डिस्क ज्यातून जागा घेतात त्या साठ्याचा) 'डेटा' टक्का बघा. मला धास्ती त्याची आहे.

काटापावती (जळगाव)

ताई, खूण काढली. साडेअकरा झाले, बारा वाजले, काटा अडकला नाही. ऑपरेटरने चहा पाठवला.

थिन पूल ९४.१.

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, उद्या सकाळची वाट बघू नका.

थिन पूलमध्ये व्हीएमना कागदावर दिलेली जागा आणि खरी जागा वेगळी असते. तुम्ही ५० ची ८० केलीत ती कागदावर. पूल १०० टक्के भरला की त्यावरच्या सगळ्या व्हीएमचं लिहिणं अडकतं, फक्त मॉनिटरिंगचं नाही. काट्याची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होईल, टॅलीचं काय होईल ते मी सांगत नाही. तुमच्याकडे सगळ्यात जास्त फुगणारं काय असेल तर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. त्याचे दिवस आज रात्रीच कमी करा.

मग मॉनिटरिंगवर या. जुन्या सात आठवड्यांच्या हिस्टरीतून तुम्हाला काही काढायचंय का? नसेल तर झॅबिक्स थांबवा, हिस्टरीची टेबलं ट्रंकेट, म्हणजे एका फटक्यात रिकामी, करा. ट्रंकेटने फाइल खरंच लहान होते. ट्रेंडची (तासातासाच्या सारांशाची) टेबलं तशीच ठेवा, महिन्यांचे आलेख त्यावर निघतात. पण व्हीएममध्ये मोकळं झालं म्हणून पूल मोकळा होत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये त्या डिस्कवर 'डिसकार्ड' लावलेलं असलं पाहिजे, मग मोकळी जागा पूलला परत द्यायला व्हीएमच्या आत एफएसट्रिम चालवा. त्यानंतर एलव्हीएस पुन्हा बघा.

लोकोशेड_नाइट (भुसावळ)

ताईंनी सगळं सांगितलं. एकच पुस्ती.

मॉनिटरिंगची व्हीएम ज्या होस्टवर आहे तोच होस्ट ती बघतेय. होस्ट गेला की मेसेज पाठवणारीही गेली. माझ्या आधीच्या नोकरीत हेच झालं. रात्री दोनला होस्टचा पॉवर सप्लाय गेला. पहाटेपर्यंत फोनवर एकही अलर्ट नाही, म्हणजे सगळं छान असं समजून मी झोपलेलो. सकाळी गेटवरच्या वॉचमनने फोन केला.

कुठलंही जुनं यंत्र बघा, पण दुसरं बघा. दुसऱ्या इमारतीत असेल तर उत्तम.

शेवभाजी_तर्री_मारके (धुळे)

वॉचमन हा खान्देशातला सगळ्यात जुना मॉनिटरिंग एजंट आहे आणि त्याला टेम्प्लेट लागत नाही.

नवीन व्हीएम करणार असशील तर भाऊ, मायएसक्यूएल सोड. पोस्टग्रेस डेटाबेस घे, वर टाइमस्केल (वेळेप्रमाणे टेबलाचे तुकडे पाडणारी जोड) लाव. मग खोडणं म्हणजे नोंदी उपसणं नाही, अख्खा तुकडाच उचलून फेकायचा. हाउसकीपरचा हा ताप कायमचा गेला.

काटापावती (जळगाव)

पूल ८१ वर आला. कॅमेऱ्यांचे दिवस ३० चे १५ केले, ट्रंकेट, डिसकार्ड, एफएसट्रिम. डिसकार्ड लावलेलं नव्हतं, व्हीएम बंद करून चालू करावी लागली. हात कापत होते हो ताई. शिकाऊ पोरगा शेजारी उभा राहून "सर, ही कमांड नक्की ना?" असं दर ओळीला विचारत होता.

तेल मिलच्या ऑफिसात एक जुना सर्व्हर पडून आहे: ४ कोअर, १६ जीबी. शेठजींकडून ५०० जीबीची एसएसडी मंजूर करून घेतली. 'पुन्हा काटा अडकू नये म्हणून' एवढं म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. आता तिथे प्रॉक्समॉक्स टाकून नवीन व्हीएम करतो. पण माप कसं काढायचं? कोटेशनवाल्याने १६ आणि ३२ कुठून आणले?

तापीकाठ (भुसावळ)

कुठून आणले ते त्यालाच ठाऊक. तुलना करायची तर व्हीएमवेअरचं व्हीसेंटर (होस्ट आणि व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या. ८.० मध्ये त्यांचं सगळ्यात लहान माप १० होस्ट आणि १०० व्हीएमपर्यंत चालतं आणि त्याला २ व्हीसीपीयू आणि १४ जीबी लागतात. तयार अप्लायन्स घेतलंत तर बनवणाऱ्याने छापलेला तक्ता प्रमाण मानायचा, त्यात आपली अक्कल लावायची नाही. पण झॅबिक्समध्ये डेटाबेस आपणच बसवतो, म्हणून हिशोबही आपणच करायचा.

सर्व्हर किती हे विसरा. विचारायचं ते आयटम किती, किती सेकंदांनी आणि किती दिवस. झॅबिक्सच्या कागदांतच सूत्र आहे: दिवस गुणिले सेकंदाला येणाऱ्या व्हॅल्यू गुणिले ८६,४०० गुणिले एका नोंदीचे बाइट. आकड्याच्या नोंदीला साधारण ९० बाइट धरतात.

तुमचं आत्ताचं: १०८ गुणिले ८६,४०० गुणिले ९०, म्हणजे दिवसाला ८४० एमबी. ९० दिवसांना ७५ जीबी. ५० जीबीच्या डिस्कवर ७५ जीबी मावेना, यात झॅबिक्सचा काय दोष? ओएसचे आठ-नऊ वजा केले तर पन्नासाव्या दिवशी भरणारच होती. तुमचे सात आठवडे तेच.

आता आयटमकडे बघा. १४ स्विच, प्रत्येकी २४ पोर्ट, एका पोर्टला सात-आठ आयटम, वर स्विचचे स्वतःचे. एका स्विचला दोनशेच्या वर. त्यातल्या किती पोर्टांत केबल आहे?

काटापावती (जळगाव)

मोजून आलो. सरासरी ९. बाकीची रिकामी भोकं. म्हणजे मी गेले सात आठवडे रिकाम्या भोकांचं तापमान लिहून ठेवत होतो!

बसून हिशोब केला, चूक असेल तर सांगा.

सर्व्हर २२ गुणिले १२०, झाले २,६४०. स्विच फक्त वापरातली पोर्टं धरून १४ गुणिले ९२, १,२८८. यूपीएस ६ गुणिले १५, ९०. पीसी ११ गुणिले ६०, ६६०. एकूण ४,६७८, धरू ४,७००.

त्यातलं मिनिटाला खरंच काय हवं? यूपीएस, सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचं तापमान, काट्याची व्हीएम, डिस्कच्या रांगा, लिंक चालू-बंद. फार तर ७००. बाकी ४,००० पाच मिनिटांना. ७०० भागिले ६० म्हणजे ११.७, ४,००० भागिले ३०० म्हणजे १३.३. मिळून सेकंदाला २५.

२५ गुणिले ८६,४०० गुणिले ९०: दिवसाला १९४ एमबी. ३० दिवस हिस्टरी ५.८ जीबी. ट्रेंड तासाला एक नोंद: ४,७०० गुणिले ८,७६० गुणिले ९०, वर्षाला ३.७ जीबी, दोन वर्षांना साडेसात. सगळं मिळून १४ च्या आत.

ताई, १०८ चे २५ झाले आणि माझं काहीच बिघडलं नाही. मला हे दसऱ्याला कोणी का नाही सांगितलं?

तापीकाठ (भुसावळ)

हिशोब बरोबर. घटनांच्या नोंदी, इंडेक्स, सीझनला नवीन पीसी येतील ते, असं धरून तिप्पट करा. ओएसची डिस्क २० जीबी, डेटाबेसची वेगळी ४० जीबी. वेगळी अशासाठी की उद्या डेटाबेस फुगला तर निदान लॉगिन तरी करता येईल.

२ व्हीसीपीयू. ८ जीबी रॅम, त्यातला बफर पूल ४ जीबी. पूल हाताने लिहा, तो १२८ एमबीवरून आपण होऊन हलत नाही. बलूनिंग बंद ठेवा. डेटाबेसच्या पानातलं जेवण अर्ध्यावर काढून घ्यायचं नसतं. सीपीयूचा प्रकार 'होस्ट'. बूटला आपोआप सुरू होईल अशी खूण करा. खान्देशात राहतो आपण, लाइट जाणार हे गृहीत.

टाइमस्केलबद्दल माझं मत वेगळं आहे. सेकंदाला हजारभर व्हॅल्यू असत्या तर मीच म्हटलं असतं. २५ ला साधा हाउसकीपर पुरतो, तोही एसएसडीवर. यांना मायएसक्यूएल येतं. रात्री दोनला बिघडलं तर जे येतं तेच दुरुस्त करता येतं.

शेवभाजी_तर्री_मारके (धुळे)

ताई, मायएसक्यूएल यांना येतं हे तुम्ही बफर पूल वाचूनही म्हणताय, केवढं मोठं मन.

बरं, नाही मांडत भांडण. पण भाऊ, उद्या शेठजींनी नंदुरबारला आणखी दोन केंद्रं काढली आणि पोराने पुन्हा सगळे टेम्प्लेट लावले तर माझी आठवण कर.

लोकोशेड_नाइट (भुसावळ)

शहाद्याची लिंक कशी आहे? जात-येत असेल तर तिथे झॅबिक्स प्रॉक्सी बसवा, लहानशा पीसीवरही चालते. लिंक गेली तरी ती माहिती जमवून ठेवते आणि आली की पाठवते. मात्र प्रॉक्सी ऑफलाइन बफर मुळात १ तासाचाच असतो. त्याहून जुनं ती टाकून देते.

आणि अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घ्याल तो काम झालं की काढा. विसरलात तर तोच थिन पूल पुन्हा.

काटापावती (जळगाव)

पंधरा दिवसांनी लिहितोय. सीझन रंगात आहे, वेळच मिळाला नाही.

नवीन व्हीएम तेल मिलमध्ये चालू आहे, २ व्हीसीपीयू, ८ जीबी. सीपीयू दहा टक्क्यांच्या वर गेलेला मी पाहिलेला नाही. डेटाबेस रोज दोनशे एमबीच्या आतबाहेर वाढतो, म्हणजे सूत्राप्रमाणेच. हाउसकीपर वहीत खुणा करत चालल्यासारखा चालतो, काही सेकंदांत संपतो. जुनी व्हीएम बंद करून पुसली. त्या होस्टची ३२ जीबी मोकळी झाली ती मी कोणालाच दिलेली नाही. असू दे.

एक घोळ झाला. शहाद्याची प्रॉक्सी बसवली आणि लोकोशेड दादांची शेवटची ओळ वाचायची राहिली. मंगळवारी रात्री तिकडची लिंक नऊला गेली ती पहाटे पाचला आली. सकाळी आलेख बघतो तर नऊ ते चार कोरं. शेवटचा एक तास तेवढा आला. मग इथे परत येऊन वाचलं. ऑफलाइन बफर आता ७२ तास केलाय.

रविवारी मुद्दाम एक परीक्षा घेतली. शेठजी जेवायला गेल्यावर पोराला सर्व्हर खोलीचा एसी बंद करायला लावला आणि मी घरी भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर बसलो. सर्व्हरला आत येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी असं म्हणतात; आमच्याकडे २७ म्हणजे थंडी, म्हणून पहिला अलर्ट ३० ला लावलाय. तिसरा घास घेतला आणि फोन वाजला. डिसेंबरात एवढ्या लवकर तीस गाठते ही खोली, मे मध्ये काय झालं असेल ते आत्ता कळलं.

काट्याचं सांगायचं राहिलं. तेच अमळनेरचे बाबा परवा पुन्हा आले. वजन झालं, पावती लगेच निघाली. बाबांनी ती उजेडाकडे धरून दोनदा वाचली आणि ऑपरेटरला विचारलं, "एकच? मागल्या वेळी चार दिल्या होत्या."

आता मुनीमजी मागे लागलेत. फोनवर मेसेज येतात हे त्यांनी पाहिलंय. विचारतात, रुईचा भाव पडला तर हे कळवेल का?

तापीकाठ (भुसावळ)

कळवेल. एचटीटीपी एजंट नावाचा आयटम असतो, भावाचं पान वाचून आकडा काढता येतो, त्यावर ट्रिगर लावायचा. पण मुनीमजींना सांगू नका. ते दर मिनिटाला मागतील आणि हिस्टरी ९० दिवस.